टोकन परत कसं घ्यायचं, ते त्या सात चित्रांत कुठेच नाही

गेल्या रविवारी सांगलीहून भाचीचा फोन आला. "मावशी, सेशन सगळं काढून टाकलं. आता जेडब्ल्यूटी. उद्या रात्री लाइव्ह करतोय." सेशन म्हणजे लॉगिन केलेल्या माणसाची नोंद सर्व्हरजवळ ठेवणं; जेडब्ल्यूटी म्हणजे ती ओळख सही करून, टोकन म्हणून त्याच्याच हाती देणं. ती ज्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे तिथे एका पतसंस्थेचं काम आलंय. सभासदांना वेबवर आपलं खातं दिसणार आणि पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटांना मोबाइलवर अ‍ॅप मिळणार. भाषा जावा, तिच्यावरची तयार चौकट स्प्रिंग बूट, मागे पोस्टग्रेस डेटाबेस. लॉगिन दीड महिन्यापूर्वीच झालं होतं आणि नीट चालत होतं. ते हिनं दोन रात्री जागून मोडलं. का, तर कॉलेजच्या ग्रुपवर एक पोस्ट आली.

ती पोस्ट एव्हाना मलाही तीन ग्रुपांवरून आली आहे. त्यातला एक तर आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा ग्रुप. सात चित्रं, शेवटच्यावर रॉकेट. मथळा: 'सेशन संपलं! जावा बॅकएंड सुरक्षित करायचा एकच मार्ग'. आतलं सगळं थोडक्यात असं: सेशन जुनाट, ते स्केल होत नाही, म्हणजे गर्दी वाढली की पेलत नाही. टोकन एन्क्रिप्टेड असतं, म्हणून वापरकर्त्याची सगळी माहिती त्यातच भरा, डेटाबेसची फेरी वाचते. टोकन लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या आतल्या कप्प्यात) ठेवा आणि सीएसआरएफ (दुसऱ्या साइटने तुमच्या नावाने विनंती पाठवू नये म्हणून असलेली तपासणी) बंद करा. सिक्रेट, म्हणजे सहीची गुप्त किल्ली, म्हणून कुठलाही शब्द चालेल. टोकनवरची सही गणिताची असते, ती कुणी खोटी करू शकत नाही. तपासायला चाळीस ओळींचा फिल्टर (प्रत्येक विनंती आधी ज्यातून जाते तो कोड) स्वतः लिहा. मुदत ३० दिवस ठेवा, वापरकर्ते खूश राहतात. आणि लॉगआउट म्हणजे ब्राउझरमधून टोकन पुसून टाकणं.

अठरा वर्षं जावात काढल्यावर असल्या पोस्टकडे कानाडोळा करायची सवय लागते. पण इथे रोजच्या गल्ल्यातून शंभर-दोनशे रुपये बाजूला टाकणाऱ्या भाजीवाल्यांचे पैसे आहेत, आणि माझी भाची आहे. तेव्हा चित्रांचा क्रम राहू दे, ज्याची जास्त चीड आली तिथून सुरू करते.

टोकन एन्क्रिप्टेड असतं म्हणे. नसतं. फोनवर सांगून पटेना, म्हणून तिला म्हटलं, चाचणीच्या सर्व्हरवरचं एक टोकन पाठव. आलं. लांबलचक, मध्ये दोन टिंबं, सुरुवात 'ईवायजे' या तीन इंग्रजी अक्षरांनी. जवळपास प्रत्येक जेडब्ल्यूटीची सुरुवात अशीच असते, कारण महिरपी कंस आणि त्यापुढचं अवतरणचिन्ह बेस६४ मध्ये लिहिलं की हीच अक्षरं निघतात. बेस६४ ही नुसती लिहायची पद्धत आहे. तिला किल्ली नाही, कुलूप नाही. दोन टिंबांमधला तुकडा मी उचलला, टर्मिनलवर एका ओळीत उलगडला आणि तिला वाचून दाखवला: नाव, सभासद क्रमांक, मोबाइल, शाखा, आणि बारा आकडी आधार.

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "पण मावशी, सिक्रेट तर तुझ्याकडे नाहीये."

नाहीच. वाचायला ते लागतच नाही. सिक्रेट लागतं सही करायला आणि तपासायला. डिजिटल सहीचा सातबारा आठवा. त्यावरची सही सांगते की उतारा सरकारी यंत्रणेनेच दिलाय आणि मध्ये कुणी क्षेत्राचा आकडा बदललेला नाही. पण तो कागद हाती लागला की भाऊबंदकीतला कुणीही खुशाल वाचतो, सही काही त्याचे डोळे झाकत नाही. नेहमीचं जेडब्ल्यूटी हे असंच आहे: पहिल्या तुकड्यात सही कुठल्या पद्धतीने केली ते, मधल्यात मजकूर, शेवटी सही. मजकूर खरोखर झाकणारा जेडब्ल्यूई नावाचा वेगळा प्रकार असतो, त्याचे पाच तुकडे असतात. पोस्टमधला कोड तो बनवत नाही.

आणि हे टोकन एका जागी गप्प बसत नाही. प्रत्येक विनंतीबरोबर जातं. कधी कुणी हेडरसकट (विनंतीसोबत जाणाऱ्या वरच्या माहितीसकट) लॉग लिहायला लावतो, कधी ते स्क्रीनशॉटमध्ये येतं, कधी "ताई, हे चालत नाही बघा" म्हणून सपोर्टच्या ग्रुपवर आख्खं चिकटवलं जातं. त्यात आधार क्रमांक! टोकनात माणसाचा आतला एक क्रमांक, टोकन कुणी दिलं, कुणासाठी दिलं आणि कधी संपतं, एवढं असलं की पुरे. बाकीचं डेटाबेसात आहे, तिथेच राहू द्या.

हे झालं तेव्हा वाटलं होतं, यापेक्षा वाईट काही नसेल. मग तिचा फिल्टर बघितला. पोस्टच्या सहाव्या चित्रातून उचललेला, ओळीला ओळ. हेडरमधून 'बेअरर' शब्दापुढचा मजकूर घ्यायचा, टिंबांवर तोडायचा, मधला तुकडा उलगडायचा, त्यातला 'रोल' वाचायचा आणि सिक्युरिटी कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे आत आलेला माणूस कोण हे स्प्रिंग जिथे ठेवतं तिथे, टाकायचा. मुदत तपासली आहे. सही? सहीचा तिसरा तुकडा कोडमध्ये कुठे वापरलेलाच नाही. टोकन बनवताना जेजेडब्ल्यूटी ही लायब्ररी घेतली, सही केली, छान. तपासताना मात्र सहीकडे बघायचंच नाही. सातबारा हातात घेऊन फक्त आकडे वाचायचे आणि कर्ज मंजूर करायचं.

तिच्यासमोरच केलं. मधला तुकडा घेतला, 'एजंट' होतं तिथे 'मॅनेजर' लिहिलं, परत बेस६४ केलं, सही जुनीच ठेवली आणि शाखेची दिवसाची जमा मागितली. सर्व्हरचं '२००', म्हणजे विनंती मान्य, आलं, पाठोपाठ आख्खी यादी. ती एवढंच म्हणाली, "शी."

यात सगळी चूक तिची नाही. ही जागा निसरडीच आहे. ऑथ-झीरो या कंपनीच्या जावा लायब्ररीत 'डीकोड' नावाची मेथड आहे, ती टोकन फक्त उलगडून देते, सही तपासत नाही. त्यासाठी 'व्हेरिफाय' वेगळी आहे. नावं प्रामाणिक आहेत, पण घाईत 'डीकोड' उचलणारे मी कमी बघितलेले नाहीत. म्हणूनच फिल्टर स्वतः लिहू नये. स्प्रिंग सिक्युरिटीत रिसोर्स सर्व्हर नावाची तयार सोय आहे. टोकन देणाऱ्याचा पत्ता किंवा किल्ली सांगितली की ती सही तपासते, मुदत तपासते, पत्ता दिला असेल तर टोकन त्याच ठिकाणाहून आलंय का तेही बघते. चाळीस ओळींच्या जागी चार-पाच ओळी पुरतात.

पोस्टवाल्याला स्प्रिंगची किती ओळख आहे, याचा पुरावा त्याच चित्रात आहे. त्याचा कॉन्फिगरेशनचा वर्ग 'वेबसिक्युरिटी-कॉन्फिगरर-अ‍ॅडॉप्टर'वरून वाढवलेला आहे. तो वर्ग स्प्रिंग सिक्युरिटी ५.७ मध्ये कालबाह्य ठरला आणि २०२२ साली आलेल्या ६.० मध्ये काढूनच टाकला. सेशनला जुनाट म्हणणाऱ्या माणसाचा कोड आजच्या आवृत्तीवर कंपाइलसुद्धा होत नाही.

आता लॉगआउट. वरचं सगळं एका दुपारीत दुरुस्त होतं. हे होत नाही, कारण इथे गफलत कोडमध्ये नसून मुळात समजुतीत आहे.

सेशनमध्ये ब्राउझरकडे फक्त एक क्रमांक असतो. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर देतो तो बत्तीस अक्षरांचा, अर्थ काहीच नसलेला. माणूस कोण, त्याला काय करायची मुभा आहे, हे सर्व्हरकडे. सर्व्हरने आपल्याकडची नोंद पुसली की तो क्रमांक रद्दी. टोकनात उलटं आहे. सर्व्हर काही जवळ ठेवत नाही, समोर आलेल्या टोकनावरची सही आणि तारीख बघतो आणि आत सोडतो. एसटीच्या कागदी मासिक पासासारखं. वाहक शिक्का बघतो, तारीख बघतो, पुढे सरकतो. आगाराला फोन लावून "हा पास चालू आहे ना?" असं तो विचारत नाही, म्हणून तर गर्दीतही त्याचं काम उरकतं. पण महिन्याच्या मधेच आगाराने पास रद्द केला, तर तो वाहकाला कसा कळणार? नाही कळत. पासावर तारीख शिल्लक आहे, गडी बसणार.

पतसंस्थेत याचा अर्थ काय होतो ते तिला सांगितलं. समज, एका एजंटाने वसुलीत घोळ घातला आणि संस्थेने त्याला दुपारी काढला. मॅनेजरने पोर्टलवर त्याचं खाते बंद केलं. त्याच्या फोनात सकाळी घेतलेलं टोकन आहे, मुदत ३० दिवस. संध्याकाळी तो नेहमीसारखा मंडईत जातो, गाळ्यागाळ्यावर पैसे घेतो, अ‍ॅपमध्ये नोंद करतो. सर्व्हर सही बघतो, तारीख बघतो, नोंद घेतो. सभासदाला मेसेज जातो: जमा झाले. पैसे मात्र खिशात. महिनाभर. त्याला हॅकर असायची गरज नाही. त्याने फक्त लॉगआउट दाबायचं नाही, एवढंच.

आणि दाबलं तरी काय? लॉगआउटने फोनातली एक प्रत पुसली जाते. आधीच कुणी दुसरी प्रत काढून ठेवली असेल तर ती तशीच चालू राहते, कारण सर्व्हरला लॉगआउट झाल्याचं कुणी सांगितलेलंच नसतं. "ब्राउझरमधून पुसा" याला लॉगआउट म्हणायचं, तर भाडेकरूने स्वतःजवळची किल्ली विहिरीत टाकली की कुलूप बदललं असंही म्हणता येईल.

हे मी कल्पनेने सांगत नाही. फार वर्षांपूर्वीच्या एका नोकरीत आम्ही हेच करून बसलो होतो. राजीनामा देऊन गेलेल्या माणसाला तीन आठवडे रिपोर्ट दिसत होते, आणि ते त्यानेच फोन करून सांगितलं, भला माणूस. त्याचं एकट्याचं टोकन मारायला मार्गच नव्हता. शेवटी शुक्रवारी रात्री सही करायचं सिक्रेटच बदललं. एका माणसासाठी सगळेच्या सगळे बाहेर. शनिवारी सकाळी आठपासून प्रत्येक शाखेचा फोन.

मग उपाय काय, तर रद्द टोकनांची यादी ठेवायची, प्रत्येक टोकनाला क्रमांक द्यायचा आणि प्रत्येक विनंतीला ती यादी बघायची. चालतं. पण मग 'सर्व्हरला काही ठेवावं लागत नाही' हे जे पहिल्या चित्रात ठळक अक्षरांत लिहिलंय, त्याचं काय झालं? सेशन दारातून हाकललं आणि मोरीच्या खिडकीतून आत घेतलं. दुसरा उपाय बरा: टोकन फार थोडा वेळ टिकणारं ठेवायचं, पाच-दहा मिनिटांचं, आणि नवं मागायला वेगळं रिफ्रेश टोकन द्यायचं, ज्याची डेटाबेसात दर फोनमागे एक ओळ असते. एजंटाला काढलं की ती ओळ पुसायची. त्याच्या हातातलं टोकन थोड्या वेळात आपोआप मरतं, नवं मिळत नाही. आणि पैशांच्या नोंदीवर एजंट चालू आहे की नाही, हे त्या क्षणी डेटाबेसला विचारायचंच. तेवढी एक क्वेरी कुठल्याही पतसंस्थेला परवडते.

राहिलेलं भराभर.

सिक्रेट म्हणून कुठलाही शब्द चालत नाही. एचएस२५६ ला (एकाच गुप्त किल्लीने सही करायची आणि तपासायची पद्धत) किमान २५६ बिट, म्हणजे ३२ बाइट लागतात. जेजेडब्ल्यूटी तर छोटी किल्ली दिली की सरळ एरर फेकते. भाचीला ती एरर आली होती. मग काय केलं? "सांगली१२३ चार वेळा लिहिलं." (इंग्रजी अक्षरांत, छत्तीस होतात, लायब्ररी गप्प.) पण अंदाज बांधणाऱ्याला लांबी अडवत नाही. त्याच्याकडे एक खरं टोकन असलं की पुरे. तो घरी बसून, तुमच्या सर्व्हरला हातही न लावता, लाखो शब्द सहीवर घासून बघतो. हॅशकॅट या पासवर्ड फोडायच्या साधनात त्यासाठी तयार प्रकार आहे. जमलं की तो तुमच्या नावाने हवी ती टोकनं छापतो.

यावर कुणाला माझं ऐकायचं नसेल तर इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेचं आरएफसी ८७२५ वाचा, फेब्रुवारी २०२०, जेडब्ल्यूटी कसं वापरावं यावरच आहे. माणसाच्या लक्षात राहणारा पासवर्ड थेट एचएस२५६ ची किल्ली म्हणून वापरू नका, असं त्यात बंधनकारक भाषेत लिहिलंय. सही कुठल्या पद्धतीची मान्य आहे ते तपासणाऱ्याने आधीच ठरवावं, टोकनाच्या पहिल्या तुकड्यात लिहिलंय म्हणून मानू नये, हेही त्यातच. कारण त्या तुकड्यात कुणी 'नन', म्हणजे 'सही नाही', लिहून सहीच उडवली, किंवा आरएस२५६ (सही गुप्त किल्लीने, तपासणी सार्वजनिक किल्लीने) च्या जागी एचएस२५६ लिहून सगळ्यांना ठाऊक असलेल्या सार्वजनिक किल्लीनेच सही केली, तर भोळ्या लायब्ऱ्या ते खपवून घेत. टोकन कुणी दिलं आणि कुणासाठी दिलं ते तपासा, आत आलेल्या मजकुरावर आंधळा विश्वास ठेवू नका. सात चित्रांना पुरून उरेल एवढं आहे त्यात. जाता जाता: जेडब्ल्यूटीचा उच्चार 'जॉट' करावा असं मूळ मानकात, २०१५ च्या आरएफसी ७५१९ मध्ये, सुचवलंय. आमच्याकडे कुणी तो करत नाही, मीही नाही.

सही खोटी करता येत नाही? गणिताला नसेल येत, जावाला आली होती. जावा १५ मध्ये लंबवर्तुळी वक्रांच्या सह्या तपासायचा कोड सी++ मधून जावात नव्याने लिहिला आणि त्यात एक तपासणी राहून गेली. सहीत दोन आकडे असतात, ते शून्य नसावेत, हे बघायचंच राहिलं. परिणाम असा, की दोन्ही शून्यं असलेली कोरी सही कुठल्याही मजकुराला, कुठल्याही किल्लीला खरी ठरायची. जावा १५ ते १८, त्यात १७ ही वर्षानुवर्षं वापरली जाणारी आवृत्ती. नील मॅडन यांनी ते शोधलं आणि एप्रिल २०२२ मध्ये दुरुस्ती आली, १७.०.३ आणि १८.०.१. ईएस२५६, म्हणजे याच वक्रांची सही, वापरणाऱ्यांना याचा थेट फटका होता. एचएस आणि आरएसवाले वाचले. भाचीच्या चाचणीच्या सर्व्हरवर जावा कुठली, विचारलं. १७.०.१. तिचा एचएस२५६ आहे म्हणून जीव वाचला, पण मशीन त्याच दिवशी अपडेट करायला लावलं.

लोकल स्टोरेज आणि सीएसआरएफ. इथे अर्धं खरं आहे, आणि ते मान्य करताना माझ्या जिवावर येतंय. टोकन ऑथरायझेशन हेडरमधून जात असेल तर ब्राउझर ते आपणहून चिकटवत नाही, म्हणून दुसऱ्या साइटने फसवून विनंती पाठवली तरी टोकन जात नाही. तिथे सीएसआरएफची गरज नाही, बरोबर. पण लोकल स्टोरेज पानावरच्या प्रत्येक स्क्रिप्टला उघडं असतं. त्या पोर्टलवर चॅटची खिडकी आहे, सणावाराचे झळकणारे बॅनर आहेत, दोन्ही बाहेरून येणाऱ्या स्क्रिप्ट. त्यातली एक बिघडली की टोकन घेऊन चालती झाली. कुकी म्हणजे ब्राउझर साइटसाठी जपून ठेवतो ती छोटी नोंद; तिचा एचटीटीपी-ओन्ली प्रकार स्क्रिप्टला वाचता येत नाही. पान उघडं असेपर्यंत वाईट स्क्रिप्ट तुमच्या नावाने विनंत्या करू शकते हे खरं, पण किल्ली खिशात घालून घरी नेऊ शकत नाही. आणि खरी गंमत पाचव्या चित्रात: "जास्त सुरक्षा हवी? टोकन कुकीत ठेवा." सीएसआरएफ तर तिसऱ्या चित्रात बंद केलंय! कुकी ब्राउझर आपणहून पाठवतो, त्यासाठीच तर ती सीएसआरएफची तपासणी होती.

सेशन स्केल होत नाही? हेही थोडं कबूल. दहा सेवा एकमेकींशी बोलत असतील, टोकन देणारा एक आणि तपासणारे वेगळे असतील, तर सही बघून आत घेणं खरोखर सोयीचं पडतं. मोबाइल अ‍ॅपलाही टोकन बरं. टोकन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, ऑफिसात मी रोज तेच वापरते. पण त्या पतसंस्थेचा सर्व्हर एक आहे. एक! उद्या दोन झाले तर स्प्रिंग सेशन लावून नोंदी रेडिस या सामाईक साठ्यात ठेवता येतात. सभासदांच्या सेशनने तो सर्व्हर झोपेल ही भीती घालणाऱ्याने आधी सांगावं, त्याने शेवटचा सर्व्हर कधी झोपताना बघितला.

सोमवारी लाइव्ह झालं नाही. तिच्या साहेबांनी कुरकुर केली, मग तो 'मॅनेजर'वाला प्रकार स्वतः करून बघितल्यावर थांबले. सभासदांच्या पोर्टलला जुनं सेशन परत आलं, गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जपून ठेवलेल्या जुन्या प्रतींत, होतंच. एजंटांच्या अ‍ॅपला दहा मिनिटांचं टोकन आणि डेटाबेसातलं रिफ्रेश. सिक्रेट आता यंत्राने बनवलेलं आहे आणि कोडबाहेर आहे. चार वेळा लिहिलेली सांगली गिटच्या इतिहासात राहिली आहे, पण आता ती कशाला लागू नाही.

बुधवारी रात्री फोनवर बसून तपासलं. चाचणीचा एजंट लॉगिन केला, पाच मिनिटं नोंदी घेऊ दिल्या, मग त्याला बंद करून रिफ्रेशची ओळ पुसली. पुढची जमेची नोंद तिथल्या तिथे नाकारली. रिपोर्ट मात्र आणखी सहा मिनिटं दिसत राहिला: दहा मिनिटांतली उरलेली पाच, आणि घड्याळं मागंपुढं असू शकतात म्हणून स्प्रिंग देतं ती ६० सेकंदांची सवलत. मग अ‍ॅपवर 'पुन्हा लॉगिन करा'.

"ही सहा मिनिटं सचिवांना कशी समजावू?" ती म्हणाली. "त्यांना सही, मुदत काही कळणार नाही."

सचिव रोज मिरजेहून एसटीने येतात, पास काढून. म्हटलं, तिथूनच सुरुवात कर.